ओटीवरचा लीडरशिपचा क्लास

५ जानेवारी, रविवार. संध्याकाळ

धामणकर नाक्यावर शेअर रिक्षाची वाट बघत उभी होते. वर बघितलं तर शेजारचा भावेश. दहा फुटांचा. डोळ्यावर काळा गॉगल, हात जोडलेले, खाली लिहिलंय ‘दमदार युवा नेतृत्व, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. पोरगा सतरा वर्षांचा. परवा ह्याच्या आईने ह्याला वाळत घातलेले बोंबील राखायला बसवलं, तर ह्याच्या डोळ्यासमोरून मांजर घेऊन गेली. त्याचं नेतृत्व मांजरीला पण कळलेलं न्हाय.

रिक्षावाला बोलला, मौसी, बैठना है क्या? मी बोलले, रुको, लीडर देखती.

खारबावला घरी येईपर्यंत ठरवून टाकलं. आमच्याकडच्या पोरांना नेतृत्व शिकवायला कोणी न्हाय. चारित्र्य तर लांबच राहिलं. ते सगळं आता मी बघणार. दर रविवारी पाच वाजता आपल्या ओटीवर लीडरशिपचा क्लास. सातवी पास हाय, पण चाळीस वर्षं धवलारीण हाय. आमच्या लग्नात मांडवाला, हळदीला, प्रत्येक विधीला त्याचा त्याचा धवला गावा लागतो, तो गाणारी ती धवलारीण. मी तोंड उघडल्याशिवाय नवऱ्याला हळदीचं बोट लागत न्हाय. भटजी पण माझं संपेपर्यंत सुपारी चघळत बसतो. ह्याच्यापेक्षा मोठी लीडरशिप कुठली? हे गेले तेव्हा बाया बोलल्या, आता ही कशी गाणार. गायले. कपाळ पुसलं म्हणून गळा कोण पुसतो काय?

क्लासचे नियम:
एक. खरं बोलायचं, तोंडावर.
दोन. आपला निर्णय आपण घ्यायचा.
तीन. लीडरने दुसऱ्याला पुढं करून स्वतः मागं बसायचं.
मी मधी बोलणार न्हाय.

ह्यांच्या फोटोला वाचून दाखवलं. काय बोलले न्हाय. जिवंतपणी पण असंच.

७ जानेवारी, मंगळवार

क्लासचा फ्लेक्स करायला परत नाक्यावर. छापणारा बोलला, चाची, इसमें लीडर कौन है? मी बोलले, बच्चे लोग. तर बोलतो, फिर बीच में आपका फोटो क्यूं? त्याला धंदा कळतो, नेतृत्व कळत न्हाय. माझा फोटो मधी, पोरं खाली गोलात, बोराएवढी.

घरी सून बोलली, आई, क्षितिजाला फ्लेक्सवर यायचं न्हाय. क्षितिजा म्हणजे माझी नात, अकरावीला हाय. मी बोलले, बरोबर, तिचा निर्णय तिनेच घ्यायचा. पण फ्लेक्स छापून झालाय.

१२ जानेवारी, रविवार

पहिला क्लास. हाउसफुल. तिघंजण आली.

क्षितिजा आली, कारण ती ह्याच घरात राहते. भावेश आला, त्याला कांदाभजीचा वास गेलेला. आणि क्षितिजाची मैत्रीण धम्मदिना. तिची आई नर्स, पोरगी वही-पेन घेऊन आली. मांडी घालून बसली आणि तारीख टाकली. अशी पोरगी बघून मला भीतीच वाटते.

विषय: चांगला लीडर ऐकून घेतो. दीड तास बोलले. घसा बसला. शेवटी विचारलं, कोणाला काय बोलायचं हाय? धम्मदिना बोलली, आजी, तुम्ही दीड तासात आम्हाला एकदा पण बोलू दिलं न्हाय. भावेशला ठसका लागला.

मी बोलले, शाब्बास, नियम एक पाळलास. मग मी तिला नियम एक अर्धा तास समजावून सांगितला.

क्लास यशस्वी. भजी संपली.

१८ जानेवारी, शनिवार

गावातल्या पंढरीच्या धाकट्या पोरीची हळद. गायले. माझ्यासारखा आवाज अजून तालुक्यात न्हाय, दिघाशीची सीताबाई धरून. ती गाते तेव्हा वाटतं पितळेच्या डब्यात मांजर कोंडलंय.

हळदीच्या धवल्यात नवरीचं नाव घालायचं असतं, तिथं मी तिच्या थोरल्या बहिणीचं नाव घातलं. थोरलीचं लग्न होऊन दोन पोरं हायत. मांडव असा हसला! थोरलीचा नवरा सरबत पिता पिता थांबला. पंढरी बोलला, ठकुबाई, तुमची मस्करी म्हणजे मस्करी.

मस्करीच ती. मुद्दामच. त्या घडीला मुद्दामच केली असणार.

फक्त एक बाई हसली न्हाय. आमची धाकटी जाऊ, हौसा. तिच्या हितेशचं लग्न सोळा फेब्रुवारीला. धवले मीच गाणार, दुसरं कोण गाणार? हितेशचं आधी विनिता नावाच्या पोरीशी जमलेलं, साखरपुडा होऊन मोडलं. आता उन्नतीशी जमलंय. उन्नतीचा मामा तापट, विनिताचं नाव जरी निघालं तरी पाहुणे उठवून घेऊन जाईल असला. हौसा मला बाजूला घेऊन बोलली, वयनी, आमच्या लग्नात मस्करी नको हां. नाव नीट घे. पोराचं एकदा मोडलंय, दुसऱ्यांदा मोडलं तर मी जगाला तोंड कसं दाखवू?

मी बोलले, हौसे, हेच तोंड एवढी वर्षं दाखवलंस, लोकांनी सहन केलंच ना.

तरी हसली न्हाय. लग्नघरचं टेन्शन, दुसरं काय.

१९ जानेवारी, रविवार

दुसरा क्लास. आज पोरांनी आपला प्रोजेक्ट आपण निवडायचा. मी तोंडावर पदर धरून बसले, मधी बोलू नये म्हणून.

भावेश बोलला, क्रिकेटची टूर्नामेंट ठेवू. मी पदर काढून बोलले, न्हाय. धम्मदिना बोलली, आजीला येतात तेवढे सगळे धवले फोनवर रेकॉर्ड करू, वहीत उतरवू, कुठल्या विधीला कुठला ते पण. कुठंच लिहिलेले न्हायत ते. क्षितिजा लगेच बोलली, हो, लवकर करू. लवकर का, ते कळलं न्हाय.

मतदान घेतलं. दोनास एक. पोरांनी अगदी स्वतःच्या डोक्याने माझीच निवड केली. ह्याला म्हणतात योग्य निवड.

२३ जानेवारी, गुरुवार

रेकॉर्डिंगचा तिसरा दिवस. कॉलेजातून आल्या की दोघी पोरी फोन घेऊन माझ्यासमोर. भावेश लाइट मारतो, फोटोशूट असल्यासारखा. मी बोलले, रेकॉर्डिंगला लाइट कशाला? बोलला, आजी, तू दिसायला पायजेस ना. पोरात गुण हायत.

क्षितिजा बोलली, आजी, तू काल हळदीनंतर डायरेक्ट पाठवणीचा धवला लावलास. मधलं लग्न राहिलं. मी बोलले, तुमची परीक्षा घेतली. बोलली, आणि परवा? मी बोलले, परवा पण परीक्षाच. बोलली, आणि प्रत्येक वेळी नवरीचं नाव वेगळं घेतेस ते?

मी बोलले, ते तोंडी परीक्षेला धरलंय.

धम्मदिनाने वहीत काहीतरी लिहिलं. मी वाकून बघितलं तर वही मिटली. नेतृत्वात थोडी गुप्तता पायजेच.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी शाळेत झेंडा. संध्याकाळी क्लास, तिसरा. आज पोरगी मला जिंकून गेली.

विषय दिला, धाडस. प्रत्येकाने अशी गोष्ट सांगायची की जी सांगायला भीती वाटते. भावेशने सांगितलं, नाक्यावरचा फ्लेक्स त्याने स्वतःच लावला, मित्रमंडळ वगैरे काय न्हायच. खाली ज्या दहा शुभेच्छुकांची नावं हायत त्यातले चार त्याला ओळखत पण न्हायत. पाच मार्क दिले.

मग क्षितिजा उठली. बोलली, एक धवलारीण हाय. तिच्यासारखा गळा कोणाचा न्हाय. पण आता ती नावं विसरते, धवले मागंपुढं करते. लोक हसतात, तिला वाटतं आपली मस्करी जमली. आता एक लग्न येतंय, तिथं नाव चुकलं तर लग्न मोडेल. तिला कसं सांगायचं? तिच्यावर माझी खूप माया हाय.

मी लगेच ओळखलं. सीताबाई! दिघाशीची! मला कधीपासून वाटत होतं त्या बाईचं डोकं ठिकाणावर न्हाय म्हणून. पण क्षितिजाची तिच्यावर एवढी माया कधी बसली?

धम्मदिना आणि भावेश माझ्याकडे बघत राहिले. भावेशने भजी हातातली खाली ठेवली. भावेशने.

मी उभी राहिले. बोलले, पोरी, विचार कसला करतेस? लग्नघरी जायचं, नवऱ्याच्या आईला स्पष्ट सांगायचं, दुसरी धवलारीण बघा. कोणाचं लग्न मोडू देणार काय एका म्हातारीच्या हौसेपायी? ती रडेल दोन दिवस, जेवणार न्हाय, मग गप बसेल.

क्षितिजाच्या डोळ्यात पाणी. बोलली, नक्की ना आजी? तू सांगतेस ना?

मी बोलले, शंभर टक्के. तुला दहापैकी दहा.

पोरगी माझ्या गळ्यात पडली. नेतृत्व असं मनातून यावं लागतं.

३१ जानेवारी, शुक्रवार

हितेशच्या लग्नाची पत्रिका आली. आजकाल छापखान्यात कोण बसतं देव जाणे. हितेश आणि विनिता लिहायच्या जागी हितेश आणि उन्नती छापलंय. सुनेला बोलले, हौसाला फोन लाव, हजार पत्रिका वाया गेल्या. सून बोलली, आई, बरोबर हाय ते. विनिता आधीची.

मी बोलले, मला ठाऊक हाय, तुझी परीक्षा घेतली.

सून चहा ठेवायला गेली. बराच वेळ चहा आला न्हाय.

२ फेब्रुवारी, रविवार

क्लासला सुट्टी. क्षितिजा ड्रेस घालून निघाली. विचारलं, कुठं? बोलली, धाकट्या आजीकडे. तू सांगितलंस ते करायला.

हौसाकडे कशाला, ते नीट लक्षात आलं न्हाय. मग कळलं, पोरगी हुशार. सीताबाई हौसाच्या माहेरच्या नात्यातली, तिच्या मार्फत निरोप जाणार. मी दारापर्यंत सोडायला गेले. डोक्यावर हात ठेवला. बोलले, मागं वळून बघू नको. तिने दोनदा बघितलं.

घसा थोडा खरखरतोय. ज्येष्ठमध आणलाय. सोळा तारखेला आवाज कल्याणपर्यंत गेला पायजे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज हौसाच्या दारात सीताबाईची चप्पल बघितली. आली बिचारी. हौसाने बोलावून सांगितलं असणार की आता तुझं बस कर. मला वाईट वाटलं. पाच मिनिटं वाटलं.

मग तिच्यावर एक कडवं रचलं:

मांडवाच्या दारी कोण गो रुसली,
दिघाशीची गवलण फणसावर बसली.

हौसाच्या खिडकीखालून गात गेले. आतला आवाज एकदम बंद झाला. लागलं असणार तिला.

९ फेब्रुवारी, रविवार. रात्र न्हाय, सातच वाजलेत

चौथा क्लास. लवकर सुटला.

तिघं पण उभी होती. मी बोलले, बसा. बसली न्हायत. क्षितिजा बोलली, आजी, ती धवलारीण सीताबाई न्हाय. तू हायस.

मी हसले. बोलले, मस्करी माझ्याकडून शिकलीस.

हसलं कोणी न्हाय. धम्मदिनाने वही उघडली, तारखेनिशी वाचली. तेवीस वेळा रेकॉर्डिंग केलं, नवरीचं नाव बरोबर चार वेळा. हितेशच्या धवल्यात विनिता अकरा वेळा. मग फोन लावला. माझाच आवाज. गळा काय गोड लागलाय! आणि मधी विनिता, विनिता, विनिता.

मी बोलले, फोन खराब हाय. भावेश बोलला, आजी, तीन फोन हायत.

मी बोलले, मस्करी केली मी तुमच्यासोबत. क्षितिजा बोलली, मग आता एकदा बरोबर म्हण. फक्त नाव म्हण.

मी बोलले, मला कोणी ऑर्डर द्यायची न्हाय माझ्या ओटीवर. क्लास बरखास्त केला. फ्लेक्स काढायला गेले, हात पुरला न्हाय. भावेशने काढून दिला. घडी घालून पण दिली.

नियम एक बदलायला पायजे. खरं बोलायचं, पण मोठ्यांशी न्हाय.

१० फेब्रुवारी, सोमवार

जेवले न्हाय. भूक नव्हती म्हणून. दुसरं काय कारण न्हाय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

उपाय सापडला. साधा. डाव्या तळहातावर पेनाने नाव लिहायचं आणि गाताना हात वर करायचा, भाव दाखवल्यासारखा. ह्यांच्या फोटोसमोर पाच वेळा गायले. पाचही वेळा बरोबर. एकदा सुद्धा चूक न्हाय. आता बघूच कोण थांबवतं.

सुनेला सांगितलं, हौसाला कळव, मी तयार हाय. सून बोलली, आई, धाकट्या सासूबाई स्वतः येणार हायत.

येऊ दे. माफी मागायला येत असणार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हौसा आली. साडी आणली, नारळ आणला. ओटी भरायला आली असावी तसं तोंड. बोलली, वयनी, हळदीला पहिला मान तुझाच. पुढच्या पाटावर तू बसायचं. गाणार सीताबाई.

मी हात दाखवला. बोलले, हे बघ, नाव हाय माझ्याकडे.

हौसाने माझा हात हातात घेतला. तळहातावर निळा डाग होता. दुपारी भांडी घासली होती मी. तिला बोलता आलं असतं, चाळीस वर्षं मी तिला एवढं चिडवलंय. नुसता हात धरून बसली. मला वाटलं होतं ही भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, मी जिंकले असते.

गेल्यावर क्षितिजाला बोलले, माझ्याशी बोलू नको. बोलली, बरं. आणि रात्रीची भाकरी वाढून गेली. गरम.

ठरवलं, पंधराला मला ताप येणार.

१५ फेब्रुवारी, शनिवार. हळद

ताप आला न्हाय.

गेले. नवी साडी नेसून, पुढच्या पाटावर. सीताबाईने मांडवाचा धवला लावला. आवाज डब्यातलाच. पण एक नाव चुकली न्हाय. मी वाट बघत होते. खोटं कशाला लिहू, प्रत्येक ओळीला वाट बघत होते.

हळदीला मुलीकडची माणसं आलेली. मामा पहिल्या खुर्चीत, मिशी ताणून. तेवढ्यात सीताबाई थांबली. सगळ्यांसमोर मला बोलली, बाय, हळदीचा तुमचा जुना धवला मला येत न्हाय. तो तुम्हीच लावा. आम्ही मागून म्हणतो.

हे तिने कशाला केलं मला ठाऊक न्हाय. मी तिच्यावर कडवं रचलं होतं.

मी उभी राहिले. पहिली ओळ आली. दुसरी आली. सगळी बायामाणसं मागून म्हणायला लागली, अंगावर काटा आला माझ्या. मग नावाची जागा आली.

हात वर केला. तळहातावर हळद. नुसती पिवळी हळद.

थांबले. मांडव थांबला. हौसाने डोळे मिटले. मामा खुर्चीत पुढं सरकला. कोणीतरी हसायच्या तयारीत होतं, ठकुबाई मस्करी करणार म्हणून. आणि माझ्या जिभेवर एक नाव आलं. मी तोंड उघडलं.

मागून क्षितिजाने सूर लावला. माझ्याच सुरात, माझ्याच घशातून निघावा तसा. उन्नती गो, उन्नती नवरी. अगदी जागेवर. तिच्या मागून धम्मदिना, मग सगळ्या बाया. भावेश पण ओरडला, बायकांच्या गाण्यात, बेसूर. मामा मागं टेकला.

जिभेवरचं नाव मी गिळलं. कुठलं होतं ते लिहीत न्हाय.

पुढची ओळ क्षितिजाने लावली. ती पुढं आली न्हाय, मागच्या रांगेतूनच गायली. मला पाटावर बसवलं कोणी ते कळलं न्हाय. मी बसून मागून म्हटलं. सगळ्यांसारखं.

घरी आल्यावर सुनेला सांगितलं, हे सगळं ठरलेलंच होतं. नियम तीन. लीडरने मागं बसायचं. मीच मागं बसले. सून बोलली, हो आई.

१६ फेब्रुवारी, रविवार

लग्न लागलं. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी. कोणी उठून गेलं न्हाय, मामा दोनदा जेवला. क्लासचा वार होता, पण पोरं लग्नात वाढत होती. कोणी सांगितलेलं न्हाय त्यांना.

नवरी हसरी हाय. पाया पडली तेव्हा मी तिला नाव घेऊन आशीर्वाद दिला. तिचं नाव उन्नती.

हे क्षितिजाला विचारून लिहिलंय.